आधी हात, मग मन



आपल्या काटेवाडी-बारामती भागातल्या कुठल्याही घरात ‘आता ससूनला न्यावं लागेल’ एवढं कुणी म्हटलं, की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. दुखणं मोठं आहे, पैसा थोडा आहे आणि तरीही एक दार उघडं आहे, असे तीन अर्थ त्या वाक्यात एकदम असतात. हे नाव आपण इतकं वापरतो की ते माणसाचं आडनाव आहे हेही विसरून जातो. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. 1830च्या दशकात ते मुंबईत आले, 1864 साली पुण्यात वारले आणि त्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात आहे. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 साली सुरू झालं. ‘ससून’ या हिब्रू शब्दाचा अर्थ आहे आनंद. पुणे जिल्ह्यातला गरीब माणूस दीडशेहून अधिक वर्षं आपलं दुःख घेऊन ज्या दारी जातो, त्या दाराचं नाव आनंद आहे. ज्या परंपरेतून हे नाव आलं, तिनं सत्कर्माबद्दल आणि माणसाच्या वाढीबद्दल काय विचार केला आणि त्यातून तुम्हा-आम्हाला कोणता धीर मिळतो, हा आजचा माझा विषय आहे.

धीर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. चांगलं वागावं हे कुणाला सांगावं लागत नाही; ते सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते दुसरीकडेच. कुणी म्हणतो, माझं मनच शुद्ध नाही, मग वरवर चांगलं वागून काय उपयोग? कुणी म्हणतो, दुष्काळ एवढा, दारिद्र्य एवढं, माझ्या मूठभर करण्यानं काय होणार? आणि कुणी म्हणतो, माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं, आता सुधारायला उशीर झाला. अपात्रता, क्षुद्रता आणि उशीर ही चांगुलपणाच्या वाटेवरची तीन मोठी निराशेची ठिकाणं आहेत. माझं म्हणणं असं आहे की ज्यू शिकवणुकीनं या तिन्ही ठिकाणी थांबून, अगदी व्यवहाराच्या भाषेत, माणसाला पुढे चालायला लावलं. तिचं सार मी माझ्या शब्दांत सांगतो: चांगलं होण्याची वाट पाहू नका, हातानं सुरुवात करा, मन मागून येईल. काम अपुरं राहिलं तरी ते वाया जात नाही, आणि चुकलेल्या माणसासाठी परतीची वाट मोकळी असते. हे विधान तपासून पाहायला हवं, त्यावरच्या आक्षेपांना उत्तरं द्यायला हवीत. तेच आज करायचं आहे.

पहिला पुरावा लांबून आणण्याचं कारण नाही, तो आपल्या कोकणात आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि मोजकी माणसं वाचली, अशी बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरागत कथा आहे. ती किती शतकांपूर्वीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढची गोष्ट पक्की आहे. ही माणसं कोकणातल्या गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. गावांवरून त्यांना आडनावं पडली: किहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर. हिब्रू भाषा हरवली, ग्रंथ हरवले, धर्म समजावून सांगणारे गुरू उरले नाहीत. उरलं काय? शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची सुंता करायची, अमुक मासे खायचे आणि अमुक खायचे नाहीत, आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द प्रसंगाप्रसंगाला उच्चारायचे. शनिवारी काम न करणारे म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. पुढे कोचीनहून डेव्हिड राहाबी नावाचे ज्यू गृहस्थ आले आणि त्यांनी यांची ओळख कशी पटवली, याची कथा समाजात सांगतात. त्यांनी घरातल्या बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. असं का, हे त्यांना नीट सांगता आलं नसेल, कारण तो नियम ज्या ग्रंथात आहे तो त्यांच्या घरात नव्हता. पण हातांना नियम ठाऊक होता. कथेचा तपशील कुणी प्रमाण मानो वा न मानो, त्या समाजाचा इतिहास मात्र तिच्याशी जुळतो: कळणं हरवलं होतं, तरी करणं टिकलं, आणि करणं टिकलं म्हणूनच पुढे कळणं परत आणता आलं. एकोणिसाव्या शतकात हेच तेली पुन्हा हिब्रू शिकले, त्यांनी सभास्थानं बांधली आणि प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरं छापली.

ही कोकणातली घटना ज्यू विचाराच्या अगदी मध्यावरच्या एका कल्पनेशी जुळते. सिनाई पर्वताशी लोकांनी ईश्वराशी करार केला, तेव्हा त्यांनी आधी करण्याचं वचन दिलं आणि मग ऐकण्याचं, असं तोराह हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ सांगतो. हा क्रम उलटा वाटतो. माणूस आधी ऐकतो, पटवून घेतो आणि मग करतो, असं आपण मानतो. पण शतकानुशतकं भाष्यकार या उलट्या क्रमावर थांबून विचार करत राहिले. तेराव्या शतकातल्या ‘सेफेर हाखिनुख’ या ग्रंथानं त्यातून नियमच काढला की माणसाचं अंतःकरण त्याच्या कृतींच्या मागे ओढलं जातं. वाईट वृत्तीचा माणूससुद्धा रोज सत्कृत्यात हात घालत राहिला तर हळूहळू तिकडे वळतो, आणि सज्जन माणूस रोज वाईट धंद्यात वावरला तर तोही बदलतो. काटेवाडीला हे नवं वाटू नये. दरवर्षी तुकोबांची पालखी इथे येते, परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. वारीत सामील होणाऱ्या माणसाला इथे कुणी विचारत नाही की तुझं मन निर्मळ झालं आहे का. तो चालू लागतो. पायाला फोड येतो, शेजारचा माणूस तेल लावतो, ओळख नसलेल्या घरात पिठलं-भाकरी मिळते, आणि इंदापूर ओलांडेपर्यंत मनात काहीतरी हललेलं असतं. पाय आधी निघतात, मन वाटेत गाठतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मराठी माणसाच्या रक्तातला आहे. मनाशिवाय केलेली कृती म्हणजे कर्मकांड, आणि कर्मकांडावर तर आपल्या संतांनी आयुष्यभर आसूड ओढले. मग हा नियम म्हणजे कर्मकांडाचंच समर्थन झालं नाही का? आक्षेप गंभीर आहे, आणि ज्यू परंपरेनं तो स्वतःवर आधीच घेतला आहे. यशया संदेष्ट्यानं उपास करणाऱ्यांना फटकारलं की तुम्ही डोकं लववून बसता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता. उपास करायचाच तर बांधलेल्याला सोडवा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या. हा उतारा वाचायची जागा कोणती, ते पाहण्यासारखं आहे. वर्षातला सर्वांत मोठा उपास म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी सकाळी, सगळे उपाशी बसलेले असताना, सभास्थानात हाच उतारा मोठ्यानं वाचतात. उपासाच्या पोटातच उपासाची परीक्षा ठेवलेली आहे. दुसरी गोष्ट अशी की कर्मकांड आणि सत्कर्म यांत फरक करायची एक सोपी कसोटी आहे: त्या कृतीनं दुसऱ्या कुणाची गरज भागते का? देवापुढे मन न लावता केलेला उपचार रिकामा असू शकतो. पण तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवलेली ओली घडी, ठेवणाऱ्याचं मन कुठेही असलं तरी, गारच लागते. देणाऱ्याची भावना पिकेपर्यंत भुकेल्यानं थांबावं, हा न्याय कुठला? म्हणून आपण आरंभ करावा हातानं, आणि कान त्या यशयाकडे ठेवावेत.

आता दुसरी निराशा, क्षुद्रतेची. बाराव्या शतकात कोर्दोबात जन्मलेले आणि पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मैमोनिदीस हे ज्यू धर्मशास्त्राचे फार मोठे संहिताकार. ‘पिर्के आवोत’ नावाचा नीतिवचनांचा जो प्राचीन संग्रह आहे, त्यावरच्या भाष्यात ते एक हिशेब मांडतात. एका माणसानं हजार नाणी एकाच गरजूला एकदम दिली. दुसऱ्यानं तीच हजार नाणी एकेक करून हजार वेळा दिली. रक्कम सारखीच. पण मैमोनिदीस म्हणतात की दुसऱ्या माणसात औदार्याचा स्वभाव घडतो. पहिल्याला एकदा मोठा उमाळा आला आणि ओसरला. या गावात हा हिशेब समजावायला मला पोथी लागत नाही, शेत पुरतं. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं मोकाट पाणी दिलेल्या जमिनी आपण पाहिल्या आहेत. पाण्याची कमतरता नव्हती, तरी जमीन फुगली, मीठ वर आलं, रान चोपण झालं. तेच पाणी ठिबकच्या नळीतून थेंबाथेंबानं मुळाशी गेलं की ऊसही येतो आणि माती जिवंत राहते. इस्राएल म्हटलं की या तालुक्यात पहिला शब्द ठिबक हाच आठवतो. पण थेंबाचं हे शास्त्र त्या परंपरेनं माणसाच्या स्वभावाला आठशे वर्षांपूर्वीच लावलं होतं. उमाळा आला की मोकाट देणारा आणि वर्षभर कोरडा राहणारा माणूस आपल्याच मनाची जमीन बिघडवतो. रोज थोडं देणारा तिला वाफसा आणतो.

मैमोनिदीस इथेच थांबत नाहीत. दान कसं द्यावं याची त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, आणि ती खालून वर चढत जाण्यासारखी आहे. अगदी खाली तो, जो देतो पण कष्टी होऊन देतो. त्यावर तो, जो द्यायला हवं त्यापेक्षा कमी देतो, पण हसतमुखानं. मग मागितल्यावर देणारा. मग मागण्याआधी देणारा. त्यावर असा दाता, जो आपली नाणी कापडात बांधून पाठीवर टाकतो आणि मागे येणारे गरीब ती सोडवून घेतात. देणाऱ्यानं वळून पाहायचं नाही, कारण घेणाऱ्याला लाज वाटू नये. त्यावर गुपचूप कुणाच्या दारात पैसे ठेवून जाणारा. त्यावर असं दान, ज्यात देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा, दोघेही अनोळखी. आणि सर्वांत वर, घसरत चाललेल्या माणसाला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं सावरणं की त्याला हात पसरावाच लागू नये. या शिडीत धीराची जागा कोणती? माझ्या मते ती अगदी खालच्या पायरीत आहे. कुरकुरत देणाऱ्यालाही शिडीवर जागा आहे. तो बाहेर नाही, फक्त खाली आहे, आणि वरची पायरी त्याला दिसते आहे. आणि वरची पायरी महाराष्ट्रालाही परकी नाही. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीनं, जिचा 1977 साली कायदा झाला, भिकेऐवजी काम हा हक्क मानला. बारामती तालुक्यातही दुष्काळी वर्षांत धान्याच्या बदल्यात पाझर तलावांची कामं झाली. धान्य त्या वर्षी संपलं, तलावात पाणी मात्र पुढेही साठत राहिलं.

यावर कुणी म्हणेल की ही सगळी व्यक्तीच्या चांगुलपणाची भाषा झाली. दारिद्र्याची कारणं व्यवस्थेत असतात, आणि थेंबाथेंबाच्या दानानं व्यवस्था बदलत नाही, उलट तिला टेकू मिळतो. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण भीक आणि न्याय यांत गल्लत करणारं दान खरोखरच घातक असतं. पण ज्यू परंपरेत दानासाठी जो शब्द आहे, ‘त्सदाका’, तो मुळात न्यायवाचक धातूपासून आलेला आहे. देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो. तोराहतला शेतीचा नियम पाहा. शेताचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायचा. कापताना गळालेली कणसं उचलायची नाहीत. एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणायला परत जायचं नाही. गळालेल्या कणसांना आपल्याकडे सरवा म्हणतात, आणि सरवा वेचणाऱ्या बाया आपल्या सुगीत कालपरवापर्यंत दिसत. पण आपल्याकडे सरवा मालकाच्या मर्जीवर असे. तिथे ती मर्जी काढून घेतलेली होती. सुमारे इसवी सन 200मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहानं कोपऱ्याचं किमान मापही ठरवलं, शेताच्या साठाव्या हिश्श्याहून कमी नको. शिवाय गावाचा एक सामाईक निधी असे. तो गोळा करायला किमान दोन माणसं आणि वाटायला किमान तीन, म्हणजे एकट्याच्या हाती पैसा नाही आणि एकट्याच्या लहरीवर वाटप नाही. सहकारी संस्थांच्या या मुलखात त्या दोन आणि तीन आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको. व्यवस्था म्हणजे तरी काय? पुष्कळांनी मिळून, नेमानं आणि हिशेबानं केलेली छोटी कामंच. दरसाल बीड आणि नगरकडून आपल्या उसात कोयता घेऊन येणाऱ्या माणसांसाठी आपल्या शेताचा कोपरा कोणता, हा प्रश्न त्या नियमातून आपल्यापर्यंत पोचतो. त्यांच्या खोपीला पाणी, त्यांच्या पोरांना शाळा, त्यांच्या बाईला आजारपणात सुट्टी, यांतलं काय आपण मर्जी म्हणून देतो आणि काय देणं म्हणून?

सुरुवातीला ज्यांचं नाव घेतलं त्या ससून यांच्याबद्दलही इथेच बोललं पाहिजे, कारण अवघड पुरावा टाळून मांडलेला युक्तिवाद लंगडा असतो. ससून घराण्याची संपत्ती कापसाच्या व्यापारातून आली तशीच चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातूनही आली. त्या अफूनं किती घरं बसली असतील, याचा विचार केला की रुग्णालयाच्या दगडांकडे पाहताना मन दुभंगतं. मग हे सत्कर्म म्हणायचं का? तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात या प्रश्नाला धरून एक तत्त्व चर्चिलेलं आहे की गैरमार्गानं साधलेलं पुण्यकर्म ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे दानानं कमाईचा दोष धुतला जातो, ही सोय ही परंपरा देत नाही. त्याच वेळी, रुग्णालयात वाचलेला जीव खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर शेजारी शेजारी राहतात, एक दुसरीला खोडत नाही. मला यात शिकण्यासारखं वाटतं ते असं: देणाऱ्याला आपण मखरात बसवायचं कारण नाही, आणि तो मखरात बसण्याजोगा नव्हता म्हणून दवाखाना बंद करायचंही कारण नाही. त्याच्या हातून झालेलं चांगलं पुढे चालवायचं, वाईट पुन्हा होऊ द्यायचं नाही. वारसा घेणं म्हणतात ते हेच.

तिसरी निराशा उशिराची. चुकलेल्या माणसाच्या परतण्याला हिब्रूत ‘तेशुवा’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थच परत येणं असा आहे. पश्चात्ताप या आपल्या शब्दात ताप आहे, जळणं आहे. तेशुवात पाऊल आहे, वळणं आहे. मिश्ना याबाबत कडक आहे. माणसानं ईश्वराविरुद्ध केलेले अपराध योम किप्पूरच्या दिवशी मिटतील. पण शेजाऱ्याविरुद्ध केलेला अपराध, त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय मिटणार नाही. बांध कोरला असेल तर उपासानं भागत नाही, बांध सरळ करून द्यावा लागतो आणि भावाच्या दारात जावं लागतं. आणि परतणं पुरं झालं हे ओळखायचं कसं, याची कसोटी मैमोनिदीसांनी दिली. तोच प्रसंग पुन्हा यावा, तीच संधी असावी, अंगात तेवढीच ताकद असावी, आणि तरीही माणसानं तसं करू नये. वय झालं म्हणून सुटलेलं व्यसन आणि हाती असून नाकारलेलं व्यसन यांत फरक आहे. पण या कडकपणाच्या शेजारीच विलक्षण उदारपणाही आहे. तालमूदमध्ये एक मत नोंदवलं आहे की परत आलेला माणूस ज्या जागी उभा राहतो, तिथे कधीच न चुकलेला सज्जनही उभा राहू शकत नाही. कारण उघड आहे. ज्याला चढ ठाऊक नाही त्याला चढणाऱ्याचा दम कसा कळणार? आणि उशीर झाला म्हणणाऱ्याला मैमोनिदीस एक तराजू दाखवतात. प्रत्येकानं असं समजावं की आपली बरी-वाईट कृत्यं अगदी समतोल आहेत आणि साऱ्या जगाचीही तशीच आहेत. आता हातून होणारी एक कृती आपल्यासह जगाचं पारडं झुकवेल. हिशेबी अर्थानं हे खरं आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. काटा मध्यावर आहे असं मानणाऱ्या माणसाला ना गर्व करता येतो ना हातपाय गाळता येतात, आणि त्या समजुतीचं काम तेवढंच आहे.

हे सगळं रोजच्या जगण्यात आणायचं कसं, याचीही त्या परंपरेत रीत आहे. 1808 साली गॅलिशियात मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी ‘हेशबोन हनेफेश’, म्हणजे आत्म्याचा जमाखर्च, या नावाचं छोटं पुस्तक काढलं. तेरा गुण घ्यायचे: धीर, नेटकेपणा, काटकसर, मौन असे. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष ठेवायचं आणि रोज रात्री वहीत चूक झाली तिथे खूण करायची. तेरा आठवड्यांनी फेरा पुरा, वर्षात चार फेरे. ही पद्धत लेफिननी घेतली ती अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून. पुढे लिथुआनियात इस्राएल सालांतर यांनी एकोणिसाव्या शतकात ‘मुसार’ नावाची स्वभाव-साधनेची चळवळ उभी केली, तिनं हे पुस्तक पुन्हा प्रचारात आणलं. यावर असा आक्षेप घेता येईल की पुण्याचा हिशेब ठेवणारा माणूस पुण्याचा व्यापारी होतो. गीतेची निष्काम कर्माची शिकवण आपल्या कानांत असल्यानं ही शंका आपल्याला लगेच येते. पण वहीकडे नीट पाहिलं तर तिच्यात जमेची बाजू नाही, फक्त चुकांच्या खुणा आहेत. आणि ‘पिर्के आवोत’च्या पहिल्याच अध्यायात मजुरीवर डोळा ठेवून सेवा करणाऱ्या चाकरासारखं होऊ नका, असा इशारा आहे. दुसरं म्हणजे, एका आठवड्यात एकच गुण. सगळं एकदम सुधारण्याचा संकल्प पाडव्याला होतो आणि अक्षय तृतीयेपर्यंत टिकत नाही. एका आठवड्यासाठी फक्त आवाज न चढवण्याचा नेम मात्र सामान्य माणसालाही झेपतो.

मी एकांगी चित्र काढलं असं होऊ नये, म्हणून आणखी एक कठीण पुरावा पुढे ठेवतो. ही शिकवण ज्यांनी जपली त्यांच्या हातूनही ती मोडली गेली. कोकणातल्या बेने इस्राएलांनी आपल्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पाडले आणि मिश्र विवाहातून आलेल्यांना दूर बसवलं. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेचा हा संसर्ग होता. पुढे हाच समाज इस्राएलला गेला, तेव्हा तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांबाबत वंशाची चौकशी लावली. म्हणजे ज्यांनी दूर बसवलं होतं, त्यांच्यावर दूर बसवलं जाण्याची वेळ आली. समाजानं निदर्शनं केली, धरणं धरली, आणि 1964 साली तिथल्या संसदेत बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, हे ठामपणे मांडलं गेलं. धर्मपीठालाही आपला आदेश बदलावा लागला. शिकवण असूनही माणसं चुकली, मग शिकवणीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, चुकलेल्यांना कोणत्या मापानं मोजायचं ते माप त्या शिकवणीतच होतं, आणि अन्याय सोसणाऱ्यांनी तेच माप हाती घेतलं. ज्या परंपरेत परतण्याला शब्द आहे, तिला आपली चूक कबूल करायला निदान भाषा तरी सापडते. आपल्याकडच्या जातीच्या प्रश्नात ती भाषा आपण किती वापरतो, हे प्रत्येकानं स्वतःशी तपासावं.

शेवटचा आक्षेप असा की आपल्या घरात ज्ञानोबा-तुकोबा, गाडगेबाबा असताना परक्या धर्माच्या दारी कशाला जायचं? गाडगेबाबांनी तर आधी खराटा हातात घेतला आणि मग कीर्तन केलं. आधी हात, मग मन, याहून स्पष्ट कुणी दाखवलं? मला हे पूर्ण मान्य आहे. पण ही शिकवण परक्याची नाही, ती मराठीत नांदलेली आहे. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांत, आपल्याच चालींवर सांगितली. एलिया संदेष्ट्याच्या नावानं मलिद्याचं ताट आजही भरतं, त्यात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं असतात. ते ताट आपल्या कुणाच्या घरात ठेवलं तर परकं दिसणार नाही. कामा रुग्णालयाची धुरा 1928 ते 1947 या काळात सांभाळणाऱ्या, 1966च्या पद्मश्री डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. विसाव्या शतकाच्या मध्याला वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे, आणि महाराष्ट्रानं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा ते इथे आहेत हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. शेजारी निघून गेल्यावर त्याच्या घरातल्या चांगल्या रीतीची आठवण ठेवणं, हे आपल्यावरचं देणंच आहे.

या समाजातल्या एका माणसाच्या कामावर मी थांबतो. हाइम सॅम्युएल किहिमकर यांनी 1875 साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. आपल्या लोकांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, म्हणून तो स्वतः लिहायला घेतला आणि 1897 साली हस्तलिखित पुरं केलं. ते छापलं गेलं 1937 साली, तेल अवीवमध्ये. मधली चाळीस वर्षं ते कागद नुसते होते, आणि पुस्तक हातात आलं तेव्हा किहिमकर जाऊन बराच काळ लोटला होता. ‘पिर्के आवोत’मध्ये रब्बी तार्फोन यांचं जे सांगणं प्रसिद्ध आहे, त्याचा आशय असा की काम तडीस नेण्याची सक्ती तुझ्यावर नाही, पण ते टाकून देण्याची मोकळीकही तुला नाही. मला वाटतं, या दोन अर्ध्यांतला पहिला अर्धा आपण स्वतःला फार क्वचित ऐकवतो. पुरं करण्याचं ओझं उतरलं, की उरलेला कामाचा तुकडा उचलण्याइतका हलका होतो. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांचंही काही काम अर्धं राहिलं असेल, माणसाचं राहतंच. किहिमकरांचे कागद चाळीस वर्षं कुणीतरी जपून ठेवले, म्हणून आज आपल्याला शनवार तेल्यांची हकिकत सविस्तर वाचता येते. त्यांनी लिहिलं तेवढंच सत्कर्म त्या ठेवणाऱ्या हातांचंही आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, गावात, संस्थेत असं कुणाचं तरी अर्धं काम पडून असेल. मनाची तयारी होईपर्यंत थांबू नका. ते उद्या सकाळी उचला.